दोन घंट्या झाल्याशिवाय

३ नोव्हेंबर, सोमवार

यामिनीने सुरतहून ही वही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहा, मन मोकळं होतं." एसटीत कंडक्टर म्हणून तिकिटांचे हिशेब लिहिण्यात उभा जन्म गेला, निवृत्तीनंतरही पुन्हा लिहीतच बसायचं! पण एकुलत्या एका पोरीचं मन मोडवत नाही.

तर लिहितो. मी हिलाल पाटील, मूळचा रनाळ्याचा. आता मुक्काम नवापूर, रेल्वेलाइनपलीकडची वस्ती. आमचं घर तेवढं पक्कं, बाकी सगळी पत्र्याची आणि ताडपत्रीची. पहाडातून उतरलेली माणसं, पोल्ट्रीच्या शेडमध्ये नाहीतर वीटभट्टीवर कामाला. मला सगळे मास्तर म्हणतात.

दिवाळीआधी बाजारात चालताना छातीत कळ आली आणि मी भर रस्त्यात खाली बसलो. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन नसा अरुंद झाल्यात. गोळ्या घ्या, रोज चाला, फेब्रुवारीत पुन्हा चाचणी. फरक पडला नाही तर बायपास.

बायपास म्हटलं की मला थोरला भाऊ चुनीलाल दिसतो. "येतो रे घटकाभरात," म्हणून हसत आत गेला होता. बाहेर आला तो झाकलेला. मी त्या टेबलावर जाणार नाही म्हणजे नाही. आणि चालणारही नाही. चालत होतो म्हणूनच तर ती कळ आली! पाय उंबऱ्याबाहेर टाकला की छाती धडधडते. हे प्रमिलाला सांगितलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणून थाप मारली आहे. बायकोला काय, काहीही सांगितलं तरी पटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

प्रमिला सकाळपासून डोकं खात होती. "दिनभर खाटलावर पडी ऱ्हातस. अशानी कसं व्हई?" मी कूस बदलली.

दुपारी रोशनी आली. वस्तीतलीच मुलगी, आशाताई म्हणून काम करते. म्हणाली, "मास्तर, वस्तीतल्या बायकांचा व्यायामाचा गट करायचाय. कुणाला शुगर, कुणाला बीपी. वरून सतरंज्या आल्यात, पण बाया ऐकत नाहीत. शिस्त लावणारा माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय इथे आहे कोण?"

मी म्हटलं, मला काय जमणार, मी आजारी माणूस. तर म्हणते, "तुम्ही नुसतं हुकूम सोडा."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. भरलेली गाडी एका शब्दात मागे सरकवणारा माणूस मी, निवृत्त झाल्यापासून घरातलं मांजरसुद्धा माझं ऐकत नाही. विचार करून सांगतो म्हटलं, आणि चहा संपायच्या आत हो म्हणून बसलो.

एक गंमत. रोशनी यायच्या आधीच प्रमिलाने तीन कपांचं आधण ठेवलं होतं. बायकांना पाहुणा येणार हे आधीच कसं कळतं कोण जाणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पहिला दिवस. अंगणवाडीमागचं मैदान. कोंबड्यांच्या खताचा वास नाकात बसलेला, पण सकाळचा गारवा चांगला होता. पंधरा-वीस बायका आल्या. काही पोल्ट्रीच्या पाळीवर जायच्या आधी, डोक्याला फडकं बांधूनच. प्रमिलाही आली. मी नको म्हटलं होतं.

जुन्या सायकलची घंटी काढून काठीला बांधून नेली होती. पहिल्यांदा नियम सांगितला. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, कुणाचाही बाप आला तरी!

व्यायामाची नावं त्यांच्या लक्षात राहतील अशी ठेवली. हात वर ताणायचे, ते 'टपावर सामान'. हात गोल फिरवायचे, ते 'स्टेअरिंग'. कमरेतून वळून मागे बघायचं, ते 'सुटे पैसे द्या'. बायका इतक्या हसल्या की अर्धा व्यायाम हसण्यातच झाला.

टपरीवर बसलेला सुकराम मिशा पिळत ओरडला, "मास्तर, यांना ड्रायव्हर करतो का काय?" हा सुकराम ट्रकवर कोंबड्यांची खोकी चढवतो, अंगाने रेड्यासारखा. त्याला म्हटलं, तिकीट काढ नाहीतर उतर खाली.

मग चालणं. अंगणवाडीपासून रंगावली नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत. मी पाठीमागे राहिलो, कंडक्टरची जागा तीच. मागचं माणूस सुटता कामा नये. मनातून टरकलो होतो, पण आता घंटी हातात, मागे कसा फिरणार?

काही गरजच पडली नाही. हातपंपापाशी पोचतो न पोचतो तोच कमलीबाई नावाची बाई मटकन खाली बसली. पन्नाशीची, सडपातळ, पहाडातली. म्हणते, "मास्तर, दम लागला. तू इथे थांबा दे." मला तू म्हणते ती. पहाडातल्या लोकांत अहोजाहो नाही, देवालाही तूच म्हणतात. मला जरा खटकलं, पण एक घंटी दिली. पूल राहिला लांब. आज हातपंपावरूनच परत.

काय ही बायकांची तब्येत! वाईट वाटलं. मला मात्र कळ आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी आता मोहाच्या झाडापर्यंत जाते. पण थांबे किती! हातपंप, मग लाकडाचा ओंडका, मग मोह. प्रत्येक थांबा कमलीबाईच्या मागणीवरून मंजूर झाला आहे. मला धाप लागायला सुरुवात होते ना होते, तोच ती पुढून हात वर करते. कधी पायात काटा, कधी पोटात कळ. मी रागावतो, "बाई, ही जलद गाडी आहे, खटारा नाही!" ती म्हणते, "मास्तर, म्हातारीला ओरडू नको." मग सगळ्या बसतात आणि माझ्या दोन घंट्यांची वाट बघतात. मी मुद्दाम जरा उशीर करतो. वचक राहिला पाहिजे. शिवाय मलाही तेवढाच श्वास घेता येतो.

आणि गुण कसा येतो बघा. बाजाराच्या दिवशी दारात बसलो होतो, तर ही कमलीबाई डोक्यावर लाकडाची मोळी आणि काखेत नातू घेऊन चढ जवळजवळ पळतच चढून गेली. एका आठवड्यात इतका फरक! प्रमिलाला हाक मारून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. हिला दुसऱ्याचं कौतुक म्हणून नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आज ओंडक्यावर बसलो असताना कमलीबाई म्हणाली, "मास्तर, तू मोलगीच्या गाडीला होता ना?"

होतो. अक्कलकुवा आगारात असताना बरीच वर्षं होतो.

"आमी घाटात वळणावर गाडी धरायचो. बाया वरून उतरायच्या, डोक्यावर मोहाची फुलं, चारोळी. ड्रायव्हर हॉर्न मारायचा, शिव्या द्यायचा. तू घंटी देत नव्हता. शेवटची बाई उतरेपर्यंत थांबायचा. माझी सासू लंगडी होती, तीच शेवटची."

मला काही आठवेना. लंगडी म्हातारी, घाट, असं खूप काही होतं. मी म्हटलं, त्यात काय एवढं? माणूस येताना दिसत असताना गाडी सोडायची नसते, इतकंच.

"दुसरे सोडायचे," ती म्हणाली. मग म्हणाली, "घंटी दे आता, ऊन आलं." आणि मला आश्चर्य वाटलं, आज पहिल्यांदाच ती माझ्या आधी उठून उभी राहिली.

प्रमिलाने संध्याकाळी तिच्याकडे शेवयांचा डबा पाठवला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर, "असंच." आमच्या घरात असंच कधी काही जात नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज खाटेवर पडूनच लिहितो आहे.

मोहाच्या पुढे वीटभट्टीपर्यंत जायचं मीच ठरवलं. माझीच हौस. भट्टीच्या जरा अलीकडे ती कळ आली. तीच, बाजारातली. छातीतून डाव्या हातात उतरली. चुनीलाल दिसला, देवाशपथ. वाटलं, इथेच, ह्या विटांच्या ढिगापाशी संपलं आपलं. घंटी वाजवायलाही बोट हलेना.

तेवढ्यात पुढे कमलीबाई "माझा पाय गेला!" म्हणून ओरडली आणि रस्त्यातच बसली. पाठोपाठ सगळ्या बसल्या. मी भट्टीकडे तोंड करून जिभेखालची गोळी घेतली आणि भिंतीला टेकलो. नशीब, सगळ्या बायका त्या वेळी पाठ करून नदीकडे बघत होत्या, कुणाला काही दिसलं नाही.

मग रोशनी पिशवीतलं बीपीचं मशीन घेऊन माझ्याकडेच आली. "मास्तर, आधी तुमचं मोजते. तुम्ही लावलं म्हणजे बाकीच्या घाबरणार नाहीत." पोरगी ते मशीन रोज कशाला वागवते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आज म्हटलं, घे बाई मोजून. बराच वेळ बसलो. कमलीबाई पाय चोळत होती. आधी उजवा, मग डावा.

येताना सुकराम बसतो ती टपरी लागली. तिथे एक रिक्षा उभी होती, तीत बसून घरी आलो. प्रमिला म्हणाली, कमलीबाईच्या पायासाठी बोलावली होती, पण ती नको म्हणते. बरं झालं.

संध्याकाळी रोशनीने सुरतच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, दोन दिवस आराम करा, मग हळू चाला, थांबत थांबत. थांबत थांबत म्हणे! यांना काय ठाऊक.

१७ डिसेंबर, बुधवार

रविवारपासून गेलोच नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं. खोटं लिहून उपयोग काय, भीती वाटते. इतकी की संडासला जाताना भिंत धरतो. काल यामिनीच्या फोनवर रडू आवरलं नाही. तिला वाटलं, आवाज तुटतोय.

आज सकाळी बाहेर गलबला झाला म्हणून पाहिलं तर अख्खा गट माझ्या अंगणात सतरंज्या टाकून बसलेला. पोल्ट्रीवाल्यासुद्धा. थंडीने कुडकुडत होत्या.

"काय आहे?"

"गाडी थांबली आहे," कमलीबाई म्हणाली. "रविवारपासून. दोन घंट्या झाल्या नाहीत."

"अगं, मग जा ना तुम्ही! रस्ता माहीत नाही का?"

"तूच बोलला होता, कोणाचा बाप आला तरी हलायचं नाही."

मला असा संताप आला! चार दिवस या बायांनी व्यायाम केला नाही, आणि कारण काय तर मास्तरची घंटी. यांची शुगर वाढली तर कुणाच्या माथी? प्रमिलाला म्हटलं, ही काय पद्धत झाली? ती म्हणाली, "मन्हावर कसाले रागे भरी ऱ्हायनात? मी काय करं?" आणि स्वेटर माझ्या हातात दिला. स्वेटर तिच्या हातात तयारच होता.

रागातच काठी घेतली आणि निघालो. हातपंपापर्यंत गेलो आणि आलो. राग इतका होता की घाबरायचं राहूनच गेलं.

६ जानेवारी, मंगळवार

आज पूल गाठला!

सगळे थांबे घेत, पण गाठला. कठड्याला टेकून खाली पाणी बघितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, जणू मीच काही केलं. मी म्हटलं, टाळ्या स्वतःसाठी वाजवा, पहिल्या दिवशी हातपंपाच्या पुढे जात नव्हता तुम्ही. तर रोशनीला ठसकाच लागला.

प्रमिलाची शुगर उतरली आहे. पोल्ट्रीतल्या दोघी-तिघी म्हणतात, कंबर आता आखडत नाही. 'टपावर सामान' वस्तीतली पोरंसुद्धा करतात. एवढं काम आयुष्यात कधी आवडलं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

सुकराम आज टपरीवर नव्हता. मोहाखाली एकटाच बसलेला दिसला, तोंड घामाने डबडबलेलं, एवढ्या थंडीत. काय झालं म्हटलं तर, "काही नाही, तंबाखू लागली." रोशनी मशीन घेऊन गेली तर हात झटकून उठला. "मी काय बाई आहे का?"

गधडा! पण तो घाम मला ओळखीचा वाटला.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुरतला यामिनीकडे आलो आहे. उद्या चाचणी. सकाळच्या गाडीला सोडायला अख्खा गट नवापूर स्टेशनात. मला संकोच वाटला, लोक बघत होते. कमलीबाईने पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले, माझ्यावरून उतरवून रुळाकडे टाकले आणि तोंडातल्या तोंडात तिच्या देवीचं नाव घेतलं. एरवी असल्या गोष्टींना मी हसतो. आज डोकं खाली केलं.

गाडी सुटताना ती म्हणाली, "मास्तर, आमी थांबलो आहे." मी म्हटलं, अगं बाई, नका थांबू, उद्या रोशनी घंटी देईल. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

भीती वाटते. प्रमिला शेजारी बसली आहे. म्हणते, "मी आठेच शे." आहे खरी, इथेच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बायपास नाही!

पुन्हा लिहितो. बायपास नाही. फिरत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला वायरी लावून. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात हातपंप, ओंडका, मोह, भट्टी, पूल असं म्हणत गेलो. डॉक्टर म्हणाले, "काका, काय करत होता हो तुम्ही? तब्येत सुधारली आहे. ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या चालू ठेवा, आणि जे करताय ते सोडू नका."

मी म्हटलं, मी काही करत नाही हो, मी फक्त बायकांना चालवतो.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. चुनीलालसाठीही रडलो, ते तेव्हा राहून गेलं होतं. छातीवरचं गाठोडं कुणीतरी खाली उतरवून घेतलं असं वाटलं. प्रमिला माझी पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने फोन लावत होती. यामिनीला असेल म्हटलं. तर यामिनी समोरच उभी होती.

संध्याकाळच्या गाडीने नवापूर. पुन्हा सगळ्या स्टेशनात! मी तोंड उघडायच्या आत कमलीबाईने प्रमिलाकडे पाहिलं, आणि तिथेच फलाटावर बसून पदरात तोंड लपवलं. मी घाबरलो, म्हटलं, हिला काय झालं? रोशनी म्हणाली, "काही नाही मास्तर, दम लागला तिला."

११ फेब्रुवारी, बुधवार

आजची गोष्ट लिहिलीच पाहिजे.

मैदानावर व्यायाम झाला. मी दोन घंट्या दिल्या. आणि बायका ज्या सुटल्या! देवा रे! हातपंप गेला, ओंडका गेला, कुणी वळूनही पाहिलं नाही. कमलीबाई सगळ्यांच्या पुढे, लुगडं खोचून, हात हलवत. मी एक घंटी दिली, कोण ऐकतं? मोह गेला, भट्टी गेली. मी मागे एकटा, काठी घेऊन, हसत हसत. मला घाई नव्हती. छाती शांत होती. भट्टीपाशी जरा थांबून त्या विटांकडे बघितलं आणि पुढे निघालो.

पुलावर सगळ्या कठड्याला ओळीने टेकून उभ्या होत्या, माझी वाट बघत. एकीलाही धाप नाही. मी म्हटलं, "बघितलं? तीन महिन्यांची शिस्त! नोव्हेंबरात काय अवस्था होती तुमची, आठवते का?"

"आठवते, मास्तर," कमलीबाई म्हणाली. "लई वाईट होती." आणि सगळ्या अशा हसल्या की पुलावरून जाणारा सायकलवाला उतरून बघायला लागला. मीही हसलो. आनंदाला काय कारण लागतं?

परत येताना सुकराम वाटेत उभा. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "मास्तर, चढावर छातीत दाटतं माझ्या. रात्री आडवं पडता येत नाही. कोणाला सांगू नको." दवाखान्यात चल म्हटलं तर आधी नाहीच. शेवटी शुक्रवारी रोशनीबरोबर यायला कबूल झाला. आणि डॉक्टरने चालायला सांगितलं तर? म्हणतो, बायांसमोर मी दमून बसू का? मेलो तरी बसणार नाही.

तेव्हापासून विचार करतोय. त्याला 'बस' म्हटलं तर तो बसणार नाही. माझ्यासारखाच ताठ. तर मी असं ठरवलं आहे. डॉक्टरने परवानगी दिली की त्याला गटात घ्यायचं, मदतनीस म्हणून, सतरंज्या उचलायला माणूस हवा म्हणून. जुने थांबे सगळे परत सुरू करायचे. त्याचा श्वास चढतोय असं दिसलं की मीच हात वर करून बसायचं, मला धाप लागली म्हणून. मी बसलो की सगळ्या बसतील, आणि मग त्यालाही बसता येईल. त्याला कधीही कळता कामा नये.

जेवायला बसताना प्रमिलाला ही युक्ती सांगितली. म्हटलं, बघ, कसं डोकं चालवलं. असं कुणाला सुचलं असतं का?

ती हसत होती, आणि डोळ्यातून पाणी चाललं होतं. मी म्हटलं, रडायला काय झालं? ती म्हणाली, "काही नही. आते जेवी ल्या." आणि नको नको म्हणत असताना ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.